मैना की सम्राज्ञी

निरोप समारंभात विलास ओव्हाळांच्या हातात माईक द्यायला नको होता, असं पुढे बऱ्याच जणांना वाटलं. त्यात त्यांची बायको पहिली.

चाकणच्या त्या कारखान्यात विलासराव आणि कोंडीराम काळोखे शेजारशेजारच्या प्रेस मशीनवर कामाला लागले आणि पुढे शेजारशेजारीच सुपरवायझर झाले. कॅन्टीनमध्ये दोघांचं टेबल एक आणि त्या टेबलावर भांडण रोजचं. वांग्याच्या भाजीत कूट असावा की नसावा इथपासून मोशीला ट्रॅफिक कुणामुळे तुंबतो इथपर्यंत, कुठल्याच गोष्टीवर त्यांचं एकमत झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. रिटायर मात्र दोघे एकाच दिवशी झाले, कारण ते कंपनीच्या हातात होतं.

समारंभात आधी कोंडीराम उठले. "आमी काय बोलनार? काम केलं, पगार घेतला. जेवन थंड व्हतंय," एवढं बोलून बसले. मग विलासराव उठले. टाळ्या पडत गेल्या तसा त्यांना हुरूप चढला. सगळ्यांचे आभार मानून झाले, साहेबांचे दोनदा मानून झाले, तरी माईक सोडवेना. आणि मग त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आता मी आणि माझा मित्र काळोखे, आम्ही आमच्या मंडळींना जहाजातून समुद्रावर फिरवून आणणार आहोत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कोंडीरामांच्या हातातली जिलेबी हातातच राहिली. पहिल्या रांगेत बसलेल्या भिमाबाई ओव्हाळ आणि रुक्मिणीबाई काळोखे यांनी एकमेकींकडे बघितलं.

"जहाज कुठनं काढलंस रं?" बाहेर आल्यावर कोंडीरामांनी विचारलं.

"सकाळी पेपरात जाहिरात होती. डोक्यात राहिली."

"मंग तुझ्या डोक्यातच ऱ्हाऊ द्यायची. मला कशाला वढलं?"

तेवढ्यावर विषय संपला, आणि दोघे आपापल्या घरी गेले. विलासराव दिघीला, कोंडीराम देहूला.

पहिले काही दिवस बरे गेले. मग विलासरावांनी स्वयंपाकघराकडे नजर वळवली. कारखान्यात प्रत्येक हत्याराची जागा ठरलेली असते, घरात का नसावी? त्यांनी डब्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या, कालथ्यासाठी भिंतीत खिळा ठोकला आणि खिळ्यामागे पेनने कालथ्याचा आकार काढून ठेवला, म्हणजे कालथा नसला की लगेच कळावं. भिमाबाईंचं तेल तापून धूर निघाला तरी मोहरी सापडेना. मोहरी होती, पण 'म' अक्षराच्या रांगेत, मटकी आणि मीठ यांच्या पुढे.

देहूत कोंडीरामांच्या घरामागे चार खोल्या भाड्याने दिलेल्या होत्या. तिथली मुलं शिफ्टला निघाली की कोंडीराम ओट्यावरून, "तुला आज उशीर झाला," किंवा "तू लई लवकर निघालास," असं प्रत्येकाला सांगायचे. सेकंड शिफ्टवाला दुपारपर्यंत झोपला की दार वाजवून, "बरा हायस ना?" म्हणून विचारायचे. शेवटी एकाने खोली सोडायची भाषा केली तेव्हा रुक्मिणीबाईंनी भिमाबाईंना फोन लावला.

"ताई, आमचे हे दिवसभर घरात. मला तर कुनीतरी पाव्हना आलाय आन् जाईचना असं वाटतंय."

"वहिनी, तुमचे ओट्यावर तरी असतात. आमचे आतल्या ओट्यापाशी असतात, गॅसजवळ."

दोघी हसल्या, पण हसून काही होणार नव्हतं. दोघा पुरुषांची दाढी वाढायला लागली होती. पूर्वी विलासराव रोज पहाटे गुळगुळीत दाढी करून बसस्टॉपवर उभे राहायचे. आता ते भिमाबाईंना विचारत, "आज वार कोणता?"

ओव्हाळांची मुलगी मैत्री पिंपळे सौदागरला राहायची. तिच्याकडे एका रविवारी जेवायला गेल्यावर तिने सहज विचारलं, "बाबा, तुमच्या त्या जहाजाचं काय झालं?" आणि लॅपटॉप उघडून दोन जहाजं दाखवली. दोन्ही मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणारी. एक 'सम्राज्ञी', नवंकोरं, अकरा मजली. आत थिएटर, पोहायचा तलाव, पाण्याची घसरगुंडी आणि खाण्यापिण्याची इतकी ठिकाणं की उपाशी राहायचं म्हटलं तरी जमू नये. दुसरी 'सागरमैना'. चार मजल्यांची, जुनी, पांढऱ्या रंगाखाली कुठेकुठे पूर्वीचा निळा रंग डोकावत असलेली. डेकवर लाकडी खुर्च्या आणि जेवायला एकच हॉल.

विलासरावांनी क्षणाचाही विचार केला नाही. "सम्राज्ञी! जायचं तर थाटात जायचं," म्हणाले आणि तिथूनच कोंडीरामांना दोन्ही जहाजांचे फोटो पाठवले.

दहा मिनिटांत फोन वाजला.

"आरं ओव्हाळ, तुझ्या त्या मोठ्या जहाजात समिंदर कुठनं दिसतो? मला तर नुसता मॉल दिसतोय. मॉल बघायला समिंदरात कशापायी जायचं? मैना बेस हाय. खुर्ची टाकली, फुडं पानी."

"मैना? अरे, तिचा रंग उडालाय. तुझ्या स्कूटरची बहीण शोभते ती. आडवी केल्याशिवाय सुरू तरी होईल का?"

"माझी स्कूटर आडवी करतो, पन सुरू व्हती का न्हाई?"

विलासराव उभे राहिले आणि बोलत बोलत गॅलरीत गेले. आतून मैत्री आणि भिमाबाई बघत होत्या. त्यांचा मोकळा हात हवेत फिरत होता, आवाज चढला होता, चेहऱ्यावर तजेला आला होता. कॅन्टीनमधले ओव्हाळ असे दिसत असत. भिमाबाईंनी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं, कारण कॅन्टीनमध्ये बायकांना प्रवेश नव्हता.

दुसऱ्या दिवशी विलासरावांनी सकाळीच दाढी केली. नऊ वाजता फोन लावला, साडेनऊपर्यंत भांडले आणि चहा मागितला. भिमाबाईंनी तेवढ्यात डब्यांच्या दोन चिठ्ठ्या काढून टाकल्या. विलासरावांच्या लक्षातही आलं नाही.

असं आठवडाभर चाललं आणि मग विलासराव एका संध्याकाळी म्हणाले, "जाऊ दे. काळोखे म्हणतो तर मैनेनेच जाऊ. कशाला ताणायचं?"

भिमाबाईंनी भाजीची जुडी पुढे ओढली. खरं तर त्यांनाही मैनाच आवडली होती. पण भांडण मिटलं की हा माणूस पुन्हा मोहरीच्या मागे लागणार, हे त्यांना लख्ख दिसलं. त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "जाऊ की. फक्त छोटं जहाज फार हलतं म्हणतात. मोठं म्हणे जागचं हलत नाही, कपातला चहासुद्धा."

"असं?" विलासराव सरसावून बसले. "हे काळोखेला सांगायला पाहिजे."

ते फोनकडे गेले तशी भिमाबाईंनी आतल्या खोलीतून रुक्मिणीबाईंना फोन केला. "वहिनी, आमचे आता हलण्याबद्दल बोलतील. तुमच्यांना काहीतरी द्या."

रुक्मिणीबाईंना मनातून सम्राज्ञीच हवी होती. त्यांना त्या घसरगुंडीवरून एकदा घसरायचं होतं, आणि ही गोष्ट त्यांनी भिमाबाईंशिवाय कुणालाही सांगितली नव्हती. तरी त्या ओट्यावर गेल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आवं, त्या मोठ्या जहाजावर जेवायला लाईन लागती म्हनं. ताट घिऊन हुबं ऱ्हायचं."

"लाईन?" कोंडीराम म्हणाले. "जलम कॅन्टीनच्या लाईनीत गेला. आता बी लाईन?"

अशा रीतीने पावसाळा पार पडला. एकाकडचा मुद्दा संपत आला की त्याची बायको नवा पुरवायची. बुकिंगचं विचारलं की मैत्री सांगायची, "सध्या भाव चढलेत बाबा, थांबा." ती पण सामील झाली होती.

दिवाळीच्या सुमारास कोंडीरामांच्या हाती एक आयतं घबाड लागलं. विलासराव लेकीकडे एकटेच गेले होते. मैत्रीच्या सोसायटीत सात टॉवर, सगळे एकाच रंगाचे. विलासराव रस्ता विचारणारे नव्हतेच. ते बरोबर नवव्या मजल्यावर उतरले, दार उघडंच होतं, आत माणसं होती, कुणीतरी "या या, काका, बसा" म्हटलं. ते बसले. लेकीने पाहुणे बोलावलेत आणि आपल्याला सांगितलं नाही, म्हणून मनातून थोडे रागावलेही. बुंदीचा लाडू खाऊन झाला, घुगऱ्या खाऊन झाल्या, तेव्हा मधे पाळणा दिसला आणि एका बाईने विचारलं, "काका, तुम्ही मुलीकडचे ना?"

"मुलीकडेच आलोय," विलासराव म्हणाले.

बाळाचं नाव ठेवून होईपर्यंत त्यांना उठता आलं नाही. मैत्रीला फोन करून, "तू कुठे आहेस?" असं त्यांनी विचारलं. तिने त्यांना शेजारच्या टॉवरमधून आणलं.

हे रुक्मिणीबाईंमार्फत देहूला पोहोचायला वेळ लागला नाही. भिमाबाईंनी नंतर कबूल केलं की हा मुद्दा पुरवताना त्यांना जरा वाईट वाटलं होतं, पण जरासंच.

"अकरा मजले हायत तुझ्या सम्राज्ञीला," फोनवर कोंडीराम म्हणाले. "सकाळी दात घासाया गेलास तर गोवा आल्याव सापडशील. कुनाच्यातरी बारशात."

विलासरावांनी फोन ठेवला आणि दोन तास ते रागात होते. तिसऱ्या तासाला त्यांनी पुन्हा फोन लावला.

डिसेंबरात मैत्रीचा फोन आला. ती या वेळी थाप मारत नव्हती. "बाबा, मैनेचा हा शेवटचा सीझन आहे. जानेवारीनंतर ती बंद. मोडीत काढणार आहेत."

म्हणजे विलासराव जिंकले. सम्राज्ञीच काय ती उरली. भिमाबाईंना वाटलं, आता हे उड्या मारत फोन लावतील. पण विलासराव खिडकीपाशी जाऊन बसले. त्या दिवशी त्यांनी देहूला फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी न करताच त्यांनी फोन उचलला.

"काळोखे, आपण मैनेनेच जाऊ. जानेवारी संपायच्या आत."

पलीकडे कोंडीरामांनाही बातमी कळली होती.

"कशापायी? मोडीत चालली म्हून कीव आली व्हय?"

"कीव नाही रे. तुला आवडली होती म्हणून."

"मला काय नगं. आपन सम्राज्ञीनं जायचं."

"मी मैनेने म्हणतोय ना!"

"आन् मी सम्राज्ञीनं म्हनतोय! मैनेत लई हलतं. तूच म्हनला व्हतास, कपातला चा सांडतो."

"आणि सम्राज्ञीत जेवायला रांग लागते, हे कोण म्हणत होतं? मी हरवेन, हे कोण म्हणत होतं?"

भिमाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. दोघे तेच मुद्दे, त्याच शब्दांत, पण बाजू बदलून भांडत होते. देहूत रुक्मिणीबाईही दुसऱ्या टोकाला तेच ऐकत होत्या. दुपारी दोघींचं बोलणं झालं.

"आता पुरे, वहिनी. मैना जाईल निघून आणि हे भांडतच बसतील. मी मैत्रीला बुक करायला सांगते. कोणतं सांगू?"

रुक्मिणीबाईंनी जरा विचार केला. "मैनाच सांगा. मोठं काय, फुडल्या साली बी आसंल. घसरगुंडी कुठं पळून जातीया."

बुकिंग झाल्यावर पुरुषांना फक्त तारीख कळवण्यात आली.

मैना जवळून बघितली तर फोटोपेक्षा थकलेली होती आणि फोटोपेक्षा देखणीही होती. कठड्याचं लाकूड हात फिरून फिरून गुळगुळीत झालं होतं. कोंडीरामांनी चढल्याचढल्या डेकवर खुर्ची टाकली, पुढे पाणी बघितलं आणि म्हणाले, "बघ." मुंबईच्या इमारती मागे पडल्या, जहाज मोकळ्या समुद्रात आलं आणि कोंडीरामांचा चेहरा हिरवट झाला.

मैना खरोखरच हलत होती.

दुपारभर कोंडीराम केबिनमध्ये आडवे होते. बायकांना त्यांनी बाहेर पिटाळलं. "तुमी बघा समिंदर. माझ्यापायी खोळंबू नगा." विलासराव मात्र शेजारी स्टुलावर बसून राहिले. एका हातात लिंबू, दुसऱ्या हातात कागदी पिशवी. टोमणा मारायची एवढी मोठी संधी त्यांना आयुष्यात मिळाली नव्हती. त्यांनी ती वापरली नाही.

"बोल की," कोंडीराम डोळे मिटूनच म्हणाले. "म्हन, मी सांगितलं व्हतं."

"तुला बरं वाटू दे, मग म्हणतो."

थोड्या वेळाने कोंडीराम म्हणाले, "घरी बसवत न्हाई रं. ओट्याव बसलो की वाटतं, लोक कामाला चाललेत आन् मी बस चुकलेला मानूस."

विलासराव लिंबू हातात फिरवत राहिले. "मी कालथ्याचं चित्र काढलं होतं भिंतीवर," ते म्हणाले. हे त्यांनी आजवर काळोखेला सांगितलं नव्हतं. कोंडीरामांनी एक डोळा उघडला आणि त्या अवस्थेतही हसले.

"पन येक सांग," हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं. "छोटं जहाज हलतं, हे तुला कुनी सांगितलं व्हतं?"

"भिमाने. आणि जेवायला रांग लागते, हे तुला?"

"रुक्मिनीनं. मंग तुझ्या बारशाचं बी तिनंच..." कोंडीराम थांबले. "तिला कुनी सांगितलं आसंल?"

"बारशाचं फक्त भिमाला आणि मैत्रीला माहीत होतं."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. केबिनच्या गोल खिडकीतून डेकचा एक तुकडा दिसत होता. तिथे लाकडी खुर्च्यांवर त्यांच्या बायका पाय वर घेऊन बसल्या होत्या, शेंगा खात होत्या आणि कशावर तरी पोट धरून हसत होत्या.

"आयला," कोंडीराम उठून बसले. त्यांची मळमळ निम्मी पळाली होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या हॉलमध्ये चौघे एका टेबलावर बसले. विलासरावांनी मीठ मागितलं. कोंडीरामांनी दिलं नाही. "तुझ्या हातानं घे," म्हणाले. विलासराव म्हणाले, "तुझी मदत कुणाला हवीय?" कोंडीराम म्हणाले, "काल पिशवी धरली म्हून उपकार सांगतो का?" विलासराव ताट सोडून उठले आणि एका टोकाला गेले. कोंडीराम दुसऱ्या टोकाला गेले. जहाज लहान असल्यामुळे टोकं फार लांब नव्हती, पण दोघांनी एकमेकांकडे पाठ केली.

बायकांचे हात ताटात थबकले.

"हे नेहमीचं नाही," भिमाबाई हळूच म्हणाल्या. "नेहमी हे जेवून मग भांडतात."

"आपन लई तानलं का वो, ताई?"

दुपारी चहाच्या वेळेपर्यंत दोघींचा जीव कासावीस झाला. भिमाबाई कोंडीरामांकडे गेल्या, रुक्मिणीबाई विलासरावांकडे.

"भावजी," रुक्मिणीबाई म्हणाल्या, "त्यांचं मनाव घिऊ नगा. चूक आमची हाय. लाईनीचं मीच सांगितलं व्हतं त्यास्नी. आमी दोघी मिळून करत व्हतो. तुमी दोघं नुसतं बसून वाळत चालला व्हता, म्हून."

विलासराव समुद्राकडे तोंड करून उभे होते. त्यांचे खांदे हलायला लागले. रुक्मिणीबाई घाबरल्या, भावजी रडतात की काय असं त्यांना वाटलं. तेवढ्यात पलीकडच्या टोकाकडून कोंडीरामांचं खदाखदा हसू ऐकू आलं, आणि त्यामागोमाग भिमाबाईंचा आवाज, "अहो, हे दोघं नाटक करतायत!"

त्यानंतर तासभर चौघांमध्ये असं भांडण झालं की बाजूचे प्रवासी खुर्च्या वळवून बघत बसले. कुणी कुणाला जास्त फसवलं, हा मुद्दा होता. चहा आला तो गार झाला, दुसरा मागवला. विलासराव मधेच हात धुवायला गेले ते बराच वेळ आले नाहीत. कोंडीराम शोधायला गेले तर विलासराव खालच्या मजल्यावर मैनेच्या खलाशांबरोबर कॅरम खेळत बसले होते.

"वाट चुकलास व्हय?"

"मुद्दामच आलो," विलासराव म्हणाले. "बस. तुझ्यासाठी जागा धरलीय."

पुण्याला परतल्यावर विलासरावांनीच एक गोष्ट ठरवली, माईकशिवाय. आता मंगळवारी आणि शुक्रवारी दोघे मोशीला एका चहाच्या टपरीवर भेटतात. विलासराव बसने येतात, कोंडीराम स्कूटरने, आणि जो उशिरा येतो तो ट्रॅफिकला दोष देतो. त्यावरून पहिला अर्धा तास जातो. चहावाल्याने सुरुवातीला दोनदा मध्यस्थी करून पाहिली. आता तो करत नाही.

त्या दोन दिवशी दिघीत आणि देहूत घरं शांत असतात. भिमाबाई आणि रुक्मिणीबाई फोनवर निवांत बोलतात, पापडांविषयी, गुडघ्यांविषयी, मैत्रीच्या घराविषयी. नवऱ्यांचा विषय निघत नाही.